डायलिसिसचे संशोधन : कोणाचा उल्लेख होतो आणि का

शोधनिबंधाच्या अखेरीस आधीच्या ज्या कामांची नोंद केलेली असते, त्या प्रत्येक नोंदीला संदर्भोल्लेख किंवा संशोधकांच्या रोजच्या बोलण्यात सायटेशन म्हणतात. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात अशा नोंदींची सूची प्रकाशित करण्यास आरंभ केल्यावर कोणते काम कोणी, कधी आणि किती वेळा आधाराला घेतले हे मोजता येऊ लागले, आणि बघता बघता ही मोजणी संशोधनाच्या थोरवीची मोजपट्टी होऊन बसली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी कृत्रिम पडद्यातून वा पोटाच्या आतील आवरणातून काढून टाकणारा उपचार म्हणजे डायलिसिस. या शाखेला ती मोजपट्टी लावून पाहिली, तर उल्लेखांचा ओघ उपचाराच्या जन्मदात्यांकडे वाहत नाही आणि रुग्णाच्या गाऱ्हाण्यांकडेही फारसा वळत नाही. जिथे रुग्णांची वर्षानुवर्षांची दफ्तरे नीट ठेवली गेली, तिकडेच तो प्रामुख्याने वाहतो.

जन्मदात्यांची उपेक्षा कृतघ्नपणाने झालेली नाही. नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, काम्पेन या गावी, विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड चालवले. ही नळी मुळात सॉसेजच्या वेष्टनासाठी बनवलेली होती. १९४४ मध्ये कोल्फ यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तरी सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले, आणि ६७ वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे वाचली ती १९४५ मध्ये. सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉनची नळी रोहिणी व नीला यांच्यात कायमची बसवून डायलिसिस पुनःपुन्हा करण्याची सोय केली. १९६६ मध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी हातातील रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडून आज सर्वत्र ज्याला फिस्टुला म्हणतात तो मार्ग दाखवला. फिस्टुला हा शब्द आज डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाच्या तोंडी आहे; पण तो शब्द वापरताना १९६६ च्या निबंधाचा हवाला कोण देतो? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेचे वर्णन असे केले होते की, शोध ज्ञानाच्या अंगी इतका मुरतो की त्याचा कर्ता पुसला जातो. उल्लेखांचा आकडा कमी असणे हे अशा वेळी यशाचेच लक्षण ठरते.

उल्लेखांचा खरा पूर आला तो एका कायद्यानंतर. अमेरिकेने १९७२ मध्ये कायम डायलिसिस लागणाऱ्या जवळजवळ सर्व रुग्णांचा खर्च, वयाची अट न घालता, सरकारी मेडिकेअर योजनेत घेतला आणि १९७३ पासून तो अमलात आला. पैसे सरकार देणार म्हटल्यावर प्रत्येक डायलिसिसचे बिल आले, बिलासोबत रुग्णाची नोंद आली आणि नोंदीसोबत मृत्यूची तारीखही. १९८८ मध्ये या सगळ्यावर राष्ट्रीय मूत्रपिंड-नोंदवही उभी राहिली. रॉबर्ट फोली व सहकाऱ्यांचा १९९८ चा निबंध हे तिच्या उपयोगाचे ठळक उदाहरण आहे. डायलिसिसच्या रुग्णांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सामान्य लोकसंख्येच्या १० ते २० पट असते, हे त्यात दाखवले गेले, आणि पुढे या विषयावरील असंख्य निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात हे वाक्य मंगलाचरणासारखे येऊ लागले. वारंवार उल्लेखिलेला निबंध प्रत्येकाने वाचलेला असतोच असे नाही, हे येथे जाता जाता नोंदवलेले बरे.

नोंदींतून दिसणारा संबंध म्हणजे कारण नव्हे, हा धडा या शाखेने किंमत मोजून घेतला. ‘केटी बाय व्ही’ हे माप त्याचा नमुना आहे. मिनिटाला युरियापासून मुक्त होणारे रक्त, डायलिसिसचा वेळ आणि शरीरातील एकूण पाणी यांचे हे गुणोत्तर गॉच आणि सार्जंट यांनी १९८५ मध्ये जुन्या चाचणीच्या आकड्यांवरून रुजवले, आणि पुढे हेच उपचाराची मात्रा ठरवू लागले. मात्रा वाढवली की आयुष्य वाढेल, अशी नोंदींवरून अपेक्षा होती. प्रत्यक्षात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,८४६ रुग्णांच्या ‘हेमो’ चाचणीत जास्त मात्रेने मृत्यू कमी झाले नाहीत. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांचेही तेच झाले: १,२५५ मधुमेही डायलिसिस-रुग्णांवरील जर्मन चाचणी (२००५) आणि २,७७६ रुग्णांवरील ‘ऑरोरा’ (२००९) या दोन्हींत अपेक्षित लाभ दिसला नाही. चिठ्ठी टाकून गट पाडणाऱ्या अशा चाचण्या मूत्रपिंडशास्त्रात वैद्यकाच्या इतर शाखांपेक्षा कमी होतात, हे स्ट्रिपोली व सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवून दिले होते. अलीकडचे वळण मात्र आशादायक आहे. २०२३ मधील १,३६० रुग्णांच्या युरोपीय ‘कॉन्व्हिन्स’ चाचणीत, मोठ्या प्रमाणावर द्रव बदलणाऱ्या हेमोडायाफिल्ट्रेशन पद्धतीच्या गटात १७.३ टक्के, तर नेहमीच्या डायलिसिसच्या गटात २१.९ टक्के मृत्यू झाले. दुसरीकडे, रुग्णांना विचारून चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या ‘साँग’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुलासारख्या रक्तमार्गाच्या बरोबरीने थकव्याला स्थान दिले. डायलिसिसहून परतल्यावर माणूस दिवसभर अंथरुणाला खिळतो, ही गोष्ट घरच्यांना पहिल्यापासून ठाऊक होती.

भारताची जागा या नकाशावर कुठे, हे एकाच आकड्यावरून कळते. देशात दरवर्षी दहा लाखांमागे किती जणांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात, याला उत्तर म्हणून अनेक निबंधांत २३२ हा आकडा येतो. तो मोदी आणि विवेकानंद झा यांच्या २००६ च्या निबंधातला, वयोरचनेनुसार दुरुस्त केलेला दर आहे, आणि त्याचा पाया आहे भोपाळ. वायुदुर्घटनेतील पीडितांसाठी उभारलेल्या रुग्णालयाच्या सुमारे ५ लाख ७२ हजार लाभार्थींची यादी तयार होती, म्हणून एकूण किती लोकांमागे किती रुग्ण हे तिथे सांगता आले. एका शहराचा दर सबंध देशाच्या नावाने फिरतो, यात लेखकांचा दोष नाही. दुसरी तशी यादी हाताशी नव्हती. नडियादच्या मोहन राजापूरकर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये देशभरच्या ५२,२७३ रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध केली, हे काम मोलाचे खरे. पण ती डॉक्टरांनी स्वेच्छेने पाठवलेल्या माहितीवर आधारलेली असल्याने तिच्यातून लोकसंख्येतील दर निघत नाही.

२०१६ च्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागले, महाराष्ट्रातही महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून त्याचा खर्च भागतो; म्हणजे अमेरिकेत जे घडले तसे, बिलासोबत रुग्णाची नोंद इथेही होतेच आहे. या केंद्रांनी किती रुग्णांनी उपचार मध्येच सोडले, कोणत्या महिन्यात सोडले आणि किती दगावले, एवढ्या तीन गोष्टी नाव वगळून दरवर्षी प्रसिद्ध कराव्यात. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.