सिएते आणि सेतेन्ता : स्पॅनिश संख्यावाचके व क्रियापदे यांच्या प्रारंभिक अभ्यासाविषयी

स्पॅनिश भाषेचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम संख्यावाचके पाठ करावयास सांगतात आणि क्रियापदांचा विचार पुष्कळ दिवसांनी, 'अनियमित रूपे' या मथळ्याखाली, त्याच्यापुढे ठेवतात. हा क्रम पाठ्यपुस्तकांच्या सोयीचा असेल. भाषेच्या घडणीशी तो सुसंगत नाही. ज्या ध्वनिनियमामुळे क्रियापदांतील या तथाकथित अनियमिततेचा मोठा भाग उत्पन्न झाला आहे, तो नियम संख्यावाचकांच्या पाठांतरातच विद्यार्थ्याच्या कानी पडलेला असतो. तो तेथेच दाखवून दिल्यास पुढील श्रम बरेच वाचतात.

प्रथम पाठांतराचा भार किती, ते पाहू. (उच्चार अमेरिका खंडातील स्पॅनिशप्रमाणे दिले आहेत.) उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस, पुढे ओन्सेपासून किन्सेपर्यंत पाच शब्द, नंतर वीस ते नव्वद या दशकांचे आठ. एकूण तेवीस शब्दांत नव्व्याण्णवपर्यंत मजल जाते, कारण एकतीस म्हणजे 'त्रेइन्ता इ उनो', तीस आणि एक. इंग्रजीच्या सवयीने 'ट्रेस' म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. स्पॅनिश 'त' हा आपल्या 'त'प्रमाणेच दंत्य व अल्पप्राण आहे.

मराठी मुलाचा भार याहून किती जड! 'सात' हा एकच अंक सतरा, सत्तावीस, सदतीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर अशी रूपे धारण करतो. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात जो वाद माजला तो अनेकांच्या स्मरणात असेल. स्पॅनिशने असाच बदल कोणत्याही मंडळाच्या आज्ञेवाचून केला. लॅटिनमध्ये सतरा म्हणजे 'सात-दहा' असा समास होता; स्पॅनिशने तो मोडून 'दिएसिसिएते', दहा आणि सात, अशी नवी रचना केली. एकोणीससाठी लॅटिनमध्ये 'विसातून एक उणा' अशा अर्थाचा शब्द होता, थेट आपल्या 'एकोनविंशति'सारखा. तोही गेला, आज तेथे 'दिएसिनुएबे' आहे. आपण मात्र उणेपणाचा हिशेब अद्याप जपून ठेवला आहे.

आता मुख्य मुद्दा. सात म्हणजे 'सिएते', परंतु सत्तर म्हणजे 'सेतेन्ता' आणि सातशे म्हणजे 'सेतेसिएन्तोस'. नऊ 'नुएबे', नव्वद 'नोबेन्ता'. 'सिए'चा 'से' आणि 'नुए'चा 'नो' का झाला? वस्तुतः प्रश्न उलट विचारावयास हवा. लॅटिनमधील ऱ्हस्व 'ए' व ऱ्हस्व 'ओ' यांवर आघात पडला, तेथे स्पॅनिशमध्ये त्यांचे अनुक्रमे 'इए' व 'उए' झाले. आघात पुढील अक्षरावर सरकला, की स्वर साधाच राहिला. हाच नियम क्रियापदांना लावून पाहावा. 'पोदेर' (शकणे) याचे 'पुएदो' म्हणजे मी शकतो, परंतु 'पोदेमोस' म्हणजे आम्ही शकतो. 'दोर्मिर' (झोपणे) याचे 'दुएर्मो' व 'दोर्मिमोस'. 'मोजणे' या अर्थाचे 'कोन्तार' हे क्रियापदही 'कुएन्तो', 'कोन्तामोस' असेच चालते. आम्हीवाचक रूपात आघात प्रत्ययाकडे जातो, एवढेच कारण. 'सिएते–सेतेन्ता' ज्यास येते, त्यास 'पिएर्दो–पेर्देमोस' (हरवतो–हरवतो आम्ही) निराळे शिकविण्याचे कारण नाही. मराठी विद्यार्थ्यास तर हे नवलही वाटू नये: 'फूल' याचे 'फुले', 'मूल' याचे 'मुले' करताना शब्दाची लांबी वाढताच आपणही स्वर बदलतो आणि त्यास अपवाद म्हणत नाही. गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज शिकून घेतली आहे, त्यांना तुलनेची आणखी एक सोय आहे. त्या भाषेत सात 'सेते' व नऊ 'नोव्हे'. तेथे हा स्वरभेद झालाच नाही.

तथापि नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'देबेर' (देणे लागणे) याचे रूप 'देबो' होते, 'दिएबो' नव्हे, कारण मूळ लॅटिन स्वर दीर्घ होता. 'ओचो'मध्येही ओकार टिकला. पुढील व्यंजनसंयोगाने त्यास तारले. कोणत्या धातूत स्वर बदलतो, हे केवळ आजची स्पॅनिश पाहून नेहमी ओळखता येत नाही, तेवढे पाठ करावेच लागते. कोणत्या रूपांत बदलतो, हे मात्र पाठ करावे लागत नाही.

लिंगाच्या बाबतीत दोन्ही भाषांची वाटणी गमतीदार रीतीने उलटी आहे. 'आब्लो' यात बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत 'बोलतो' व 'बोलते' असा भेद अनिवार्य आहे. उलट आपले 'दोनशे' पुस्तकांस व घरांस सारखेच लागते. स्पॅनिशमध्ये 'दोसिएन्तोस लिब्रोस', पण 'दोसिएन्तास कासास'. मराठीभाषक विद्यार्थ्याच्या चुका नेमक्या या दुसऱ्या ठिकाणी होतात, असा अध्यापनातील अनुभव आहे.

संख्या व क्रियापद यांची पहिली खरी गाठ वय सांगताना पडते. 'तेन्गो बेइन्ते आन्योस', शब्दशः 'मी वीस वर्षे बाळगतो'. 'तेनेर' (जवळ असणे) यास मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. आपण 'माझ्याजवळ', 'मला', 'माझे' अशा विभक्तींनी काम भागवितो. म्हणून आरंभी हेच वाक्य घ्यावे आणि 'तेन्गो, तिएनेस, तिएने, तेनेमोस' ही रूपे वर्गात प्रत्येकाचे वय विचारीत म्हणवून घ्यावीत. यांतील 'तेन्गो' तेवढे नियमाबाहेरचे आहे. बाकीच्यांत 'सिएते' व 'सेतेन्ता' यांचाच फरक पुन्हा ऐकू येईल.