काळ्या मातीवरचा कोबा

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत घर बांधताना फरशीचा विचार बहुधा शेवटी, रंगकामाच्या आगेमागे होतो. पॉलिश केलेल्या काँक्रीटच्या जमिनीबाबत मात्र हा क्रम उलटा धरावा लागतो, कारण येथे फरशी बाहेरून आणून बसवली जात नसून जोत्यावर ओतलेले काँक्रीटच घासून चकचकीत केले जाते. साहजिकच तिचे यशापयश जोत्यात काय भरले आहे यावर ठरते.

जुन्या पिढीला सिमेंटचा कोबा ठाऊक आहे. लाल रंग मिसळलेले आणि दोरी दाबून चौकोन पाडलेले कोबे अनेक घरांत होते. त्या कोब्याची चमक थापीने घोटलेल्या सिमेंटच्या पातळ थराची असे, त्यामुळे तो थर झिजला की चमकही जाई. आताच्या पद्धतीत पूर्ण घट्ट झालेले काँक्रीट हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्यांनी, आधी जाड आणि मग क्रमाने बारीक, असे घासतात. मधल्या टप्प्यात सिलिकेटचे द्रावण जिरवतात, ते सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून सूक्ष्म छिद्रे बुजवते आणि पृष्ठभाग कठीण करते.

मराठवाड्यातील खरी अडचण या जमिनीच्या खाली आहे. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आक्रसते; मे महिन्यात शेताच्या बांधावर मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा दिसतात, त्या याच गुणामुळे. अशा मातीवर थेट ओतलेले काँक्रीट एखाद्या पावसाळ्यात उचलले जाते आणि तडकते. म्हणून जोत्यातील काळी माती अभियंत्याच्या सल्ल्याने काढून तेथे मुरूम थराथराने, पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून भरावा, त्यावर ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि मगच सुमारे 100 मिलिमीटर जाडीचे काँक्रीट ओतावे. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यात तीन ते चार मीटर अंतरावर, जाडीच्या चौथ्या भागाइतके खोल काप घेतले म्हणजे आक्रसताना पडणारी भेग वाटेल तेथे न फुटता त्या कापातच राहते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे काँक्रीट चौदा दिवस ओले ठेवणे ही किरकोळ अट नव्हे. उन्हाळ्यातील कोरड्या वाऱ्यात वरचा थर आतल्यापेक्षा आधी सुकतो आणि केसासारख्या चिरा उमटतात, ज्या पॉलिशनंतर झाकल्या जाण्याऐवजी अधिकच उठून दिसतात. त्यामुळे हे काम हिवाळ्यात काढणे, ओतणी उन्हे कलल्यावर करणे आणि ओले गोणपाट पसरून पाणी वाचवणे हेच शहाणपणाचे.

स्वयंपाकघरात या जमिनीची वेगळी परीक्षा होते. लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचा कोळ रात्रभर तसाच राहिला, तर आम्ल सिमेंटला खाते आणि निस्तेज डाग उरतो, जो पुन्हा घासल्याशिवाय जात नाही. हळद आणि तेलही वेळीच पुसावे लागते. न्हाणीघरात असा गुळगुळीतपणा नकोच. वरच्या मजल्यावर 50 मिलिमीटरचा नवा थर दर चौरस मीटरला सुमारे 120 किलो वजन वाढवतो, आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या प्रदेशात हे वजन आराखड्यात आधीच धरलेले असले पाहिजे.

शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी आजही येथे सहज मिळते, आणि तिची एक लादी तडकली तर तेवढीच बदलता येते. काँक्रीटला ही सोय नाही. जोते अजून भरायचे असेल, चौदा दिवसांच्या पाण्याची खात्री असेल आणि घासकाम करणाऱ्याने केलेली दोन-तीन वर्षांपूर्वीची जमीन प्रत्यक्ष पाहून झाली असेल, तर पॉलिशचे काँक्रीट जरूर निवडावे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर शहाबादीच घालावी.