अडथळ्यांवरील अश्वारोहण : प्रशिक्षणाची तत्त्वे आणि कॅप्रिलीचे योगदान

प्रस्तावना :
घोड्यासह अडथळे पार करण्याची स्पर्धा, म्हणजेच शो जंपिंग, ऑलिंपिकमध्ये प्रथम १९०० साली पॅरिस येथे झाली आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून ती नियमित झाली. या स्पर्धेत अडथळ्याचा दांडा पडल्यास चार दंडगुण मिळतात. घोड्याने प्रथम नकार दिल्यासही चारच. त्यामुळे घोड्याला उंच उडी शिकविणे हेच प्रशिक्षणाचे सार आहे, असा समज सहज होतो. वस्तुतः उडी ही घोड्याची उपजत क्षमता आहे. तिला बाधा येते ती बहुधा पाठीवरील स्वारामुळे. हे सत्य ओळखून त्यावर पद्धत उभारण्याचे श्रेय मुख्यतः इटलीच्या घोडदळातील अधिकारी फेदेरिको कॅप्रिली (१८६८-१९०७) यांच्याकडे जाते.

जुनी बैठक व तिचे दोष :
कॅप्रिलीपूर्व काळात स्वार रिकिबी लांब ठेवीत, पाय पुढे ताणीत आणि उडीच्या वेळी धड मागे झुकवीत. घोडा मागील पायांवर उतरला तर त्याचे पुढील पाय वाचतील, अशी यामागील समजूत होती. कॅप्रिली यांनी स्वाराविना मोकळ्या घोड्यांच्या उड्या पाहिल्या. घोडा पुढील पायांवरच उतरतो, असे त्यांना आढळले. मागे झुकलेला स्वार घोड्याच्या कमरेवर भार टाकतो आणि तोल सावरण्यासाठी लगाम ओढतो. त्याचा झटका नेमका मान लांबविण्याच्या क्षणी घोड्याच्या तोंडाला बसतो. उडी म्हणजे वेदना, हे समीकरण घोड्याच्या मनात एकदा पक्के झाले की तो नकार देऊ लागतो.

कॅप्रिली यांचा उपाय घोड्यावर नव्हे, तर स्वारावर होता. रिकिबी आखूड कराव्यात, उडीत आसन खोगिरावरून किंचित उचलावे, धड पुढे न्यावे आणि हात घोड्याच्या तोंडामागोमाग पुढे जाऊ द्यावेत. मराठीत 'पक्की मांड' म्हटले की अचल बैठक डोळ्यांसमोर येते. या पद्धतीत मात्र घोड्याच्या हालचालीशी एकरूप होणारी मांडच पक्की ठरते. १९०२ साली तुरिन येथे कॅप्रिली यांनी २.०८ मीटर उंचीची उडी घेतली. पुढे पिनेरोलो व तोर दि क्विंतो येथील घोडदळ विद्यालयांत ही पद्धत शिकण्यासाठी परदेशी अधिकारीही येऊ लागले.

प्रशिक्षणाचा क्रम :
आरंभ सपाट जमिनीवर होतो. घोड्याने स्वाराच्या पायाच्या संकेताने पुढे जावे, हलक्या लगामाने थांबावे आणि चालीचा ताल राखावा, हा पहिला पाठ. त्यानंतर दुडक्या चालीसाठी जमिनीवर सुमारे १.३ मीटर अंतराने दांडे मांडतात. पाऊल कोठे टाकावे हे घोडा येथे स्वतः शिकतो. पुढे लहान अडथळे व त्यांच्या मालिका येतात.

मालिकेमागे साधे गणित असते. दौडीतील एक टाप सरासरी ३.६ मीटरची धरली जाते; उतरण्यासाठी आणि पुढील उडी घेण्यासाठी प्रत्येकी सुमारे १.८ मीटर जागा लागते. म्हणून मध्ये एकच टाप बसवावयाची असल्यास दोन अडथळ्यांत सुमारे ७.२ मीटर अंतर ठेवतात. अंतर योग्य असले की घोडा आपोआप योग्य ठिकाणाहून उडतो आणि स्वाराला केवळ तोल राखावा लागतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने कपाळासमोरचा थोडा भाग त्याला दिसत नाही. अडथळा नीट न्याहाळण्यासाठी त्याला मान हलविण्याची मोकळीक लागते. ऐनवेळी लगाम आवळणारा स्वार ही मोकळीकच हिरावून घेतो.

समारोप :
यशाची घाई झाली की आडवाटा सुचतात. उडी घेताना घोड्याच्या पायांवर दांडा आपटून त्याला अधिक उंच उडावयास लावणे ही त्यांपैकीच एक. १९२१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांनुसार ती निषिद्ध आहे. अशा मार्गाने घोडा काही काळ पाय उंच उचलेलही; परंतु ते भयापोटी. अडथळ्यासमोरील अखेरचा निर्णय घोड्याचाच असतो, आणि स्वारावरील विश्वास गमावलेला घोडा तो निर्णय नकाराच्या रूपाने देतो. शिकणाऱ्याची उपजत क्षमता ओळखणे, तिच्या आड न येणे आणि अडचणी पायरीपायरीने वाढविणे, हेच या प्रशिक्षणाचे मर्म होय.