रक्तदाब दोघांनाही, मग गोळी वेगळी का?



रविवारी उपासनेनंतर वडीलधाऱ्यांच्या गप्पा पुष्कळदा औषधांवर येतात. "दोघांचाही बीपी वाढलेला, मग तुमची गोळी वेगळी कशी?" असा प्रश्न निघतो. कोणी शेजाऱ्याची गोळी घेऊनही पाहतो. हे धोक्याचे आहे. डॉक्टर गोळी निवडताना नुसता बीपीचा आकडा नव्हे, तर सगळा माणूस पाहतात.

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर साधारणपणे उपचार सुरू होतात. मीठ कमी करणे, तंबाखू व दारू सोडणे हे सर्वांनाच सांगितले जाते. औषधांचे मुख्य गट तीन. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन ही औषधे रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या संप्रेरकाला आळा घालतात. क्लोरथॅलिडोन जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढते.

मधुमेह असून लघवीतून प्रथिने जात असतील, तर दुसऱ्या गटातील औषध मूत्रपिंडाचेही रक्षण करते. पण तेच औषध गरोदरपणी बाळाला अपाय करते. म्हणून गरोदर मातेला लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात. दम्याच्या रुग्णाला अटेनोलॉलसारखी गोळी शक्यतो टाळतात. संधिवाताच्या 'गाऊट' या प्रकारात लघवी वाढवणारी गोळी जपून देतात.

रुग्ण कुठे राहतो, हेही पाहावे लागते. दुसऱ्या व तिसऱ्या गटातील औषधांवर असताना अधूनमधून रक्त तपासून मूत्रपिंडाचे काम आणि क्षारांचे प्रमाण पाहावे लागते. पाड्यावरून प्रयोगशाळा गाठायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. अ‍ॅम्लोडिपिनला अशी तपासणी लागत नाही, आणि ती दिवसातून एकदाच घ्यायची असते. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्राचाही समावेश आहे. त्यातही पहिली गोळी बहुधा हीच असते. तेवढ्याने भागले नाही तर मात्रा वाढवतात किंवा दुसऱ्या गटातील गोळी जोडतात. दोन गोळ्या मिळाल्या म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असे नव्हे.

अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. असे झाले तर डॉक्टरांना सांगावे. ते औषध बदलून देतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. "आता बरे वाटते" म्हणून गोळी सोडली की रक्तदाब पुन्हा चढतो, आणि पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येईपर्यंत पुष्कळदा कळतही नाही.

आपल्या ओळखीचे कोणी वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला निघाले असेल, तर एवढे जरूर विचारा: पुढच्या मुक्कामापुरत्या गोळ्या आणि उपचाराचा कागद सोबत घेतला आहे ना? उत्तम निवडलेली गोळीसुद्धा रोज पोटात गेली तरच उपयोगी पडते.