पारंपरिक खेळ : विद्यार्थ्यांचा परिचय आणि सहभाग (मीरा-भाईंदरच्या संदर्भात)

पारंपरिक खेळ ठाऊक असणे आणि तो प्रत्यक्ष खेळणे या दोन भिन्न बाबी होत. खो-खो व कबड्डी यांना लिखित नियम व स्पर्धांचा आधार मिळाला. कबड्डीचा १९९० मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांत समावेश झाला, तर खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पार पडली. विटीदांडू, लगोरी, सागरगोटे हे खेळ मात्र मुले अंगणात मोठ्या मुलांकडूनच शिकत. विटीदांडूतील ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ हे शब्द द्राविडी संख्यावाचकांशी जुळतात. खेळ थांबला की असे शब्दही लोपतात.

मीरा-भाईंदर येथे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. मिठागरे व गावठाणांच्या या परिसरात दाट वसाहती उभ्या राहिल्या आणि मराठी, गुजराती, हिंदी, राजस्थानी भाषक कुटुंबे शेजारी आली. येथील एखादा विद्यार्थी लगोरीस ‘पिट्ठू’ किंवा ‘सितोलिया’ म्हणून ओळखत असेल. केवळ मराठी नावे देणारी प्रश्नावली अशा वेळी खेळाचा नव्हे, तर शब्दाचा परिचय मोजते. म्हणून प्रश्नावलीत खेळाचे वर्णन असावे आणि ‘पाहिला’, ‘नियम ठाऊक’, ‘गेल्या वर्षभरात खेळला’ अशी स्वतंत्र नोंद व्हावी.

सागरगोट्यांना घराचा कोपरा पुरतो. विटीदांडूस मोकळे मैदान लागते. सबब, उपलब्ध जागेचा विचार न करता अल्प सहभागास विद्यार्थ्यांची अनास्था म्हणणे उचित ठरत नाही.