भिंतीवरचा डॉक्टर आणि मोबाईलवरचा गुरुजी

वरठीचे रेल्वे स्टेशन म्हणजे भंडारा रोड. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीत खिडकीजवळ बसा आणि रुळालगतच्या भिंती वाचत चला. मर्दाना कमजोरी, गुप्तरोग, शर्तिया इलाज आणि खाली फोन नंबर! आमच्या पिढीचे लैंगिक शिक्षण याच विद्यापीठात झाले. स्वप्नदोष हा रोग आहे, हस्तमैथुनाने शरीर खंगते, ही भीती या भिंतींनी पोरांच्या डोक्यात भरली. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. पण शास्त्राला भिंत कोण रंगवून देणार?

अशा जाहिरातींना कायद्याने बंदी आहे आणि ती आजची नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. लैंगिक शक्ती वाढविण्याचा किंवा गुप्तरोग बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. भिंती मात्र दर दिवाळीला नव्याने रंगतात. उलट डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाहिन्यांना सांगितले की, कंडोमच्या जाहिराती फक्त रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दाखवा. म्हणजे एड्सपासून वाचविणारी वस्तू रात्रीच्या अंधारात आणि भोंदू डॉक्टर दिवसाढवळ्या!

शाळेचे दार तर आधीच बंद झाले होते. किशोरवयीनांसाठी केंद्राने आणलेला शिक्षण कार्यक्रम २००७ साली महाराष्ट्र सरकारने रोखला. संस्कृती बुडते, मुले बिघडतात, ही ओरड विधिमंडळात झाली आणि पक्षभेद विसरून झाली. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच अहवाल दिला. पुढे २०१६ पासून मोबाईलचा डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला आणि ज्या मुलांना शिक्षकाने एक शब्द सांगितला नव्हता, त्यांच्या हातात सारे जग उघडे पडले. बाप सनफ्लॅगच्या पाळीवर, आई धान कापायला, घरात पोरगा आणि मोबाईल. तिथे जे दिसते त्यात बाईला विचारले जात नाही, तिचा नकार हा होकार समजला जातो. चौदा वर्षांचा मुलगा तेच खरे मानतो. त्याला दुसरे सांगितलेच कोणी?

मुलांवर माध्यमांचा परिणाम होतो, हे सगळेच बोलतात. पालकांवर काय होतो, हे आम्हाला वकिलीच्या टेबलावर दिसते. आईबापांचे शिक्षण वेगळ्या वाहिनीवर चालते. रात्रीच्या गुन्हेगारी मालिका आणि सकाळचे पेपर. ‘अल्पवयीन मुलगी प्रियकरासोबत फरार’ अशी चार ओळींची बातमी, तीत गाव, वॉर्ड, शाळेची इयत्ता, सगळे! पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापणे गुन्हा आहे. नाव वगळले की काम झाले, असे बातमीदार समजतात. लहान गावात वॉर्ड सांगितला की नाव सांगितल्यासारखेच आहे. ही बातमी वाचून बाप काय करतो? मुलीशी बोलत नाही. तिचा मोबाईल घेतो, शाळा सोडवतो आणि स्थळ शोधतो. बालविवाह हा गुन्हा आहे, हे त्या बातमीत लिहिलेले नसते.

मुलगी निघून गेलीच तर पोलीस ठाणे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात वय अठरा. सतरा वर्षांच्या मुलीच्या संमतीला किंमत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक संबंधाच्या गुन्ह्याला किमान शिक्षा दहा वर्षांची, आणि मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस वर्षांची आहे. हा कायदा हवाच, कारण मुलांवर अत्याचार करणारे बहुतेक ओळखीचेच असतात. परंतु एकोणीस वर्षांच्या पोराला हे कोणी सांगितलेले नसते आणि त्याची जात खालची असेल तर तक्रार देण्याची घाई किती होते, हे ज्यांनी ‘सैराट’ पाहिला त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

वरठी आणि खैरलांजी एकाच मोहाडी तालुक्यात आहेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यांत बारावीत शिकणारी मुलगी होती. सुरुवातीच्या बातम्यांनी काय सांगितले? अनैतिक संबंध! मेलेल्या मायलेकींच्या चारित्र्यावर शाई उडवून जातीचा प्रश्न झाकला गेला. लैंगिकतेविषयीचा संदेश फक्त अश्लील चित्रफितीतून येत नाही. तो पहिल्या पानावरूनही येतो आणि वाचणाऱ्या प्रत्येक बापाला आपल्या लेकीविषयी धास्ती देऊन जातो.

आता बाबासाहेबांचे उदाहरण. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत. वाचक लैंगिक शंका विचारीत, कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तर देत. त्या उत्तरांवरच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅ. आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव रोहम यांनी मांडला, त्यामागेही बाबासाहेबच होते. ज्यांच्या घरात त्यांचा फोटो आहे, त्यांना मुलांशी या विषयावर बोलायला लाज का वाटावी?

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे बाळगण्याविषयी निकाल देताना लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट बोलून दाखविली. शासन कधी जागे होईल ते होवो. विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास मिळू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर किंवा आरोग्यसेविका बोलवावी, मुले आणि मुली दोघांनाही बसवावे, पालकांना वेगळे. शंका चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्याव्यात. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगावी. अठरा वर्षांखालील कोणाचाही उघडा फोटो पुढे पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मित्राने पाठविला म्हणून मी पाठविला, हा बचाव कोर्टात चालत नाही.