साखर, गूळ आणि रॉकेट



आपल्या उसाची साखर चहात जाते, लाडवात जाते. पण परदेशातल्या हौशी मंडळींनी तिचा रॉकेटचं इंधन म्हणूनही वापर केला आहे, हे ऐकून नवल वाटेल. साखरेच्या जोडीला प्राणवायू पुरवणारा क्षार असला, की ती बंद नळीतही भडकून जळते. तयार झालेला वायू मागच्या तोंडातून जोरानं बाहेर पडतो आणि नळी पुढं रेटली जाते. दिवाळीच्या बाणाचं तत्त्व हेच, आणि श्रीहरिकोट्याच्या रॉकेटचंही हेच.

गुऱ्हाळातला धडा

मोठ्या रॉकेटचं घन इंधन घडवणं हे गूळ पाडण्यासारखंच नाजूक काम आहे. मिश्रण घोटायचं, साच्यात ओतायचं, ठराविक उष्णतेत घट्ट होऊ द्यायचं. भेलीला तडा गेला तर गुळाचा भाव पडतो, एवढंच. इंधनाला तडा गेला किंवा आत हवेचा बुडबुडा राहिला, तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि नळी फुटते. म्हणून इंधनाची क्ष-किरणांनी तपासणी करतात.

भारतात हे काम केरळातल्या थुंब्याला उभं राहिलं. २० नोव्हेंबर १९६७ रोजी तिथून आपल्या देशात बनलेलं पहिलं रॉकेट उडालं. त्याची जाडी ७५ मिलिमीटर, म्हणजे दोन जाड ऊस शेजारी ठेवावेत एवढीच! त्याच वर्षी कोल्हापुरात शिकलेले डॉ. वसंत गोवारीकर थुंब्याला रुजू झाले. घन इंधनाच्या कामाची धुरा त्यांनी वाहिली. तिथल्या शास्त्रज्ञांनी इंधन बांधून ठेवणारं एक रसायन तर आपल्या एरंडेल तेलापासून तयार केलं.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेलं एस.एल.व्ही.-३ समुद्रात कोसळलं. कारण काय, तर दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून आम्ल गळालं. एका गळतीनं कित्येक वर्षांची मेहनत बुडाली. पण मंडळी हटली नाहीत. चूक शोधली, दुरुस्त केली आणि १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोचवला.

आपल्या पोरांनी काय करावं?

आसेगावच्या शाळकरी पोरांनी हे वाचून घरात साखरेचं इंधन शिजवायला मुळीच बसू नये. अशा मिश्रणानं हात गेले, डोळे गेले, जीवही गेले आहेत. परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं हा गुन्हाही आहे. पुरुषभर उंचीचं नमुना रॉकेट उडवणारे जाणकारसुद्धा कारखान्यात बनलेली मोटर वापरतात, मोकळं रान निवडतात आणि दूर उभं राहून विजेच्या तारेनं पेटवतात.

शाळेसाठी पाण्याचं रॉकेट उत्तम. प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, बूच आणि सायकलचा पंप. नाकाला पुठ्ठ्याचा शंकू, शेपटीला तीन पंख. उडवण्याआधी रिकामी बाटली तोल साधेल तिथं दोरीनं बांधून डोक्याभोवती फिरवून पहावी. नाक पुढं राहिलं तर सरळ जाईल. गिरक्या घेतल्या तर नाकाला थोडं वजन लावावं किंवा पंख मोठे करावेत. मास्तर सोबत हवेत, बघे लांब हवेत आणि हवा भरताना बाटलीवर कोणी वाकू नये.

याच गोवारीकरांच्या पुढाकारानं १९८८ साली १६ घटकांवरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याची पद्धत सुरू झाली. पुढे त्यांनी खतांचा कोशही सिद्ध केला. आकाशाकडे पाहणारा माणूस शिवाराला विसरला नाही. तेव्हा पोरगं बाटली आणि पंप मागायला आलं, तर रागावू नका. पंप द्या, आणि सोबत रानात जा.